राखणीचं कातडं

मॉनिकाबाय दारात येण्याआधी तिच्या हातांचा वास यायचा. डांबर आणि साबण एकत्र उकळावेत तसा. चकाल्याच्या गावठाणात त्या वासाला कुणी नाक मुरडत नसे, कारण तिथे प्रत्येक हाताला आपापला वास होताच. सुक्या बोंबलाचा, भाताच्या तुसाचा, ताडीचा, शेणाचा. फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला तिच्या शेजारी बसलेल्या बाईला मधेच आपलं बाळंतपण आठवायचं आणि प्रार्थनेतला एखादा शब्द गळायचा.

तो वास क्रेसॉलचा, जंतू मारायच्या औषधाचा होता. अंधेरी स्टेशनाकडून चकाल्याला येणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर रत्नप्रभा आजरेकरांचं दहा खाटांचं कौलारू प्रसूतिगृह होतं. तिथे मॉनिकाबाय छत्तीस सालापासून कामाला होती. ती शिकलेली नर्स नव्हती आणि गावची सुईणही नव्हती. टेबलाशी डॉक्टरबाईंच्या डाव्या अंगाला उभी राहणारी बाई, एवढीच तिची ओळख. मूल बाहेर येऊ लागलं की डोकं पेलायचं, मान मोकळी करायची, निसरडं अंग दोन्ही तळव्यांत झेलायचं, हे तिचं काम. अंधेरीतल्या अर्ध्याअधिक शाळकरी पोरांना जगाचा पहिला स्पर्श तिच्या तळव्यांचा झाला होता. पोरांना ते ठाऊक नव्हतं. मॉनिकाबाय रस्त्यात भेटली की पोरं वासाला हसायची.

कामाला लागण्याच्या दोन वर्षं आधी तिची थोरली बहीण तेरेसा बाळंतपणात गेली. सुईण भाताची लावणी अर्धी टाकून धावत आली होती. अंगणातल्या पिंपात तिने हात बुडवले, लुगड्याला पुसले आणि ती आत गेली. मूल नीट झालं. चौथ्या दिवशी तेरेसाला ताप चढला आणि नवव्या दिवशी तिला कबरस्तानात नेलं. सुईण कबरीपाशी मॉनिकापेक्षा जास्त रडली. आपल्या हातांवर काय बसून आलं होतं, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही.

म्हणून प्रसूतिगृहातला पहिला दिवस मॉनिकाबायच्या मनात कोरलेला होता. डॉक्टरबाई हात धूत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पाच मिनिटं. नखं, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. मग इनॅमलच्या भांड्यातलं तपकिरी औषधाचं पाणी, मग स्पिरिट. मिस्सा म्हणताना पाद्री बोटांवर पाण्याची धार घेतो, त्याची तिला आठवण झाली. पाद्री दोन बोटं धुतो. ही बाई कोपरापर्यंत धुते, आणि कुणासमोर नव्हे, एका न्हाणीघरात, एकटी. मॉनिकाबायच्या अंगावर काटा आला. जंतू तिने कधी पाहिले नव्हते. देवदूतही पाहिले नव्हते. त्या दिवसापासून तिचा दोघांवरही सारखाच विश्वास बसला.

पंचावन्न साली, ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, प्रसूतिगृहातल्या तान्ह्या मुलांच्या अंगावर फोड येऊ लागले. पहिल्या मुलाच्या काखेत चार, पाण्याने भरलेले, मग पिवळे. दुसऱ्याच्या बेंबीभोवती. दोघांना जांभळं औषध लावलं, दोघं बरी झाली. तिसरं मूल वनमाला नावाच्या कोकणातल्या बाईचं. तिचा नवरा गिरणीत होता आणि हे तिचं पहिलंच. त्या मुलाची पाठ सोलल्यासारखी झाली. अकरा दिवस पेनिसिलिन दिलं तेव्हा ते वाचलं. घरी जाताना वनमालाने कुणाला दोष दिला नाही. दाराशी थांबून तिने फक्त विचारलं, "बाय, हा आला खयसून? माझ्या पोटात तर नव्हता ना?"

मॉनिकाबायने मुलाचं फडकं नीट गुंडाळून दिलं. उत्तर तिला ठाऊक होतं. पोटात काही नसतं. जे येतं ते कुणाच्या तरी हातांवर बसून येतं.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून दुप्पट वेळ धुवायचं. कुणीही हयगय करायची नाही." आणि मॉनिकाबायने हयगय केली नाही. तिच्या आईने तिला कोळंबीचं लोणचं घालायला शिकवलं होतं. शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मीठ यांत हात आखडायचा नाही. माप चुकलं तर जास्त चुकावं. कमी चुकलं की पावसाळ्यात बरणीला बुरशी आलीच. हा तिच्या घरचा शंभर वर्षांचा कायदा होता. शेरभर पाण्याला चमचाभर क्रेसॉल असं डॉक्टरबाईंचं माप. मॉनिकाबायने स्वतःच्या भांड्यात तीन चमचे घालायला सुरुवात केली. पाच मिनिटांची दहा केली. ब्रश नवा घेतला, ताठ केसांचा. हात झोंबायचे. तिला बरं वाटायचं. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

औषधं बनवणारा कंपाउंडर लवू मालवणकडचा. बाटली वर धरून तो म्हणाला, "गो मॉनिकाबाय, पितंस की काय ह्या? महिन्याची बाटली आठवड्यात खलास!"

"तुझ्यासारखी तपकीर ओढून हात पँटला पुसत नाय मी."

"माझे हात कोण बघता? माझो हात बाटलीक लागता, पोरांक नाय."

"म्हणूनच तुला बाटली दिलीये देवानं."

तिच्या ह्या धुण्याला आणखी एक कारण होतं. तिची लेक क्लॅरिस पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई बेसिल बोरिवलीच्या मंडपेश्वराकडचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवस भरत होते. क्लॅरिस घाबरट पोरगी. मावशी तेरेसाची गोष्ट तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की, बाळंतपण म्हटलं की तिला नववा दिवसच आठवायचा. संध्याकाळी अंगणात बसून ती आईचे पांढरट हात स्वतःच्या पोटावर ठेवून घ्यायची.

"आय, तूच घे हं. दुसऱ्या कुणाचे हात नको मला."

"मीच घेणार. मग एकोणीस वर्षं काय केलं मी?"

हे तिने वचनासारखं म्हटलं नव्हतं. उद्या सूर्य उगवेल हे आपण वचन म्हणून सांगत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाटली मसाल्याचा दिवस आला. पावसाळ्याआधी हा मसाला घरोघरी होतो. वीस-पंचवीस जिनसा आणि ढीगभर लाल मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, खापरीत भाजायच्या, उखळात कुटायच्या आणि काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायच्या. कुटायला दरवर्षी रुक्मिणी आणि तिच्या बायका घाटावरून यायच्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकायच्या आणि मधल्या श्वासात गायच्या. रुक्मिणी साठीची होती. तिच्या तळव्यांचा लाल रंग बारा महिने जात नसे.

सगळं कुटून झालं की घरच्या बाईने परातीत दोन्ही हात घालून मसाला एकजीव करायचा, ही रीत. मॉनिकाबाय लग्न झाल्यापासून ते करत होती. तिने बाह्या सारल्या, मनगटापर्यंत हात घातले, दोनदा वरखाली केले.

तिसऱ्यांदा तिला करता आलं नाही.

आधी तिला वाटलं परात तापली आहे. मग वाटलं खाली निखारा राहिला असेल. हात बाहेर काढले तर दिसायला काहीच नाही. लाल भुकटी लागलेले नेहमीचे हात. पण आत, बोटांच्या आत, हाडापर्यंत कुणी विस्तव ओतत होतं. ती ओरडली. अंगणातल्या बायका आधी हसल्या.

"काय गो मॉनिका, बाळंतिणीसारखी काय ओरडतेस!"

"रोज दुसऱ्यांना ओरडायला लावते ना, आज पाळी आली!"

रुक्मिणी हसली नाही. तिने मुसळ बाजूला ठेवलं, मॉनिकाबायचे हात ताकाच्या भांड्यात बुडवले आणि बऱ्याच वेळाने बाहेर काढून, पुसून, उन्हात धरले. तिरप्या उन्हात तिने आपलं म्हातारं नाक हातांजवळ नेलं.

"ह्ये बघ. केसावानी भेगा हायती. समद्या हातावर जाळं हाय."

"मला तर कधी दिसल्या नाय."

"डोळ्याला न्हाई दिसत. मिरचीला दिसत्यात. माझा हात बघ, चाळीस वरसं मिरचीत हाय, कधी पोळला न्हाई. मिरची वरनं चालत राहती. जिथं दार उघडं घावलं तिथंच आत शिरती." मग तिने विचारलं, "काय करतीस तू ह्या हातांचं?"

मॉनिकाबायने हात पुन्हा ताकात बुडवले. हातांची आग संध्याकाळपर्यंत राहिली आणि त्या आगीत ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा बघत होती. झोंबत होतं. उपासाच्या दिवसांपासून रोज, प्रत्येक धुण्याला झोंबत होतं. मिरची जिथून शिरली तिथूनच. मग आणखी काय शिरलं असेल? शिरून आत काय बसलं असेल?

सकाळी प्रसूतिगृहात एक बाई कळा देत होती. मॉनिकाबाय मोरीशी उभी राहिली. भांड्यात तपकिरी पाणी होतं. हात धुवायचे आणि टेबलाशी जाऊन उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. काही दिसत नव्हतं. कुणी विचारणार नव्हतं. महिन्याभरात क्लॅरिसचे दिवस भरणार होते. सांगितलं तर काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती हात न धुता डॉक्टरबाईंसमोर गेली आणि तळवे पुढे केले.

"डॉक्टरबाय, आज मला टेबलाशी घेऊ नका. माझे हात फुटलेत."

डॉक्टर आजरेकर उंच आणि मितभाषी होत्या, त्यांचा चष्मा सतत खाली घसरायचा. त्यांनी हात खिडकीशी नेऊन पाहिले. त्या बाईचं बाळंतपण त्यांनी मालन नावाच्या आयेला बाजूला घेऊन उरकलं. दुपारी त्यांनी मॉनिकाबायला आपल्या खोलीत बसवलं, चिकटपट्टीचा एक तुकडा तिच्या दंडावर, धड कातड्यावर, दाबून बसवला आणि झटक्याने ओढला. पट्टीवर निघालेला धुरळा काचेवर उतरवून त्यावर जांभळ्या औषधाचा थेंब सोडला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघ."

मॉनिकाबायने एक डोळा मिटला. आधी नुसता उजेड. मग उजेडात फरश्या दिसू लागल्या. पाचकोनी, सहाकोनी, पातळ, एकमेकींवर कडा चढवून बसलेल्या, शेकडो. कुणीतरी फार निगुतीने घातलेल्या. तिला वाटलं, आपण एखाद्या न संपणाऱ्या अंगणावरून उडत चाललो आहोत.

"हे काय?"

"तू. तुझं सगळ्यात वरचं कातडं."

"हे हलत का नाय?"

"ह्यात जीव नाही. खाली जन्मतात, वर सरकता सरकता मरतात, आणि मेल्यावर कामाला लागतात. मेलेल्यांचेच थर. त्यांच्यामध्ये चरबी असते, झावळ्यांच्या छपरात चिखल लिंपावा तशी. सगळं मिळून जाडी किती? कागदाएवढी नाही. हाताच्या तळव्यावर जरा जास्त. पण त्यातून पाणी बाहेर जात नाही आणि जंतू आत येत नाही. आपण जिवंत आहोत ते ह्या मेलेल्यांच्या आडोशाला."

मॉनिकाबायने डोळा काढला नाही. तिच्या धर्मात मेलेले काम करतात. ते जिवंतांसाठी प्रार्थना करतात असं तिला शिकवलं होतं आणि दरवर्षी नोव्हेंबरात ती तेरेसाच्या कबरीवर मेणबत्ती लावून तेच म्हणायची. पण ते वर कुठेतरी, दूर, असा तिचा समज होता. इतक्या जवळ, स्वतःच्या दंडावर, दिवसरात्र खांद्याला खांदा लावून कुणी राखण करत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आणि आपण रोज ताठ ब्रशने त्यांना खरवडून मोरीत सोडत होतो.

"औषध जंतूला मारतं ते कसं?" डॉक्टरबाई सांगत होत्या. "त्याचं कातडं फोडून, त्यातली चरबी विरघळवून. पण औषधाला जंतूचं कातडं कोणतं आणि मॉनिकाचं कोणतं, हे कळत नाही. मापात असलं तर तो आधी मरतो, आणि तुझं छपर पुन्हा लिंपायला वेळ मिळतो. तू तीन चमचे घालत होतीस?"

"लोणच्यासारखं वाटलं मला. जास्त घातलं तर टिकेल."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "दुप्पट धुवा म्हणून मीच सांगितलं ना. हात कसे आहेत ते मी एकदाही बघितलं नाही. तुझ्याइतकी चूक माझीही आहे."

त्यांचा भाऊ परळला एका प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडून लवूने दुसऱ्या दिवशी झाकणाच्या काचेच्या बश्या आणल्या. तळाशी रक्त घालून गोठवलेला लालसर थर होता, नाताळात करतात त्या चायना ग्रासच्या वड्यांसारखा. मॉनिकाबायने नेहमीसारखे दहा मिनिटं हात धुतले, क्रेसॉल, स्पिरिट, सगळं. झोंबणं सोसलं. मग दहाही बोटं थरावर हलकेच टेकवली. ताडून बघायला कुणीतरी हवं म्हणून लवूला नुसत्या साबणाने हात धुवायला लावले.

"माका कशाक? माझ्या बशीत तपकिरीचा झाड उगवात."

बश्या परळला उबेच्या पेटीत राहिल्या आणि परत आल्या. टेबलावर झाकणं उघडली तेव्हा मॉनिकाबाय, लवू आणि मालन तिघंही वाकले. लवूच्या बशीत इथे तिथे बारीक पांढरे ठिपके होते, उकडीच्या तांदळाच्या कणीएवढे. "हे सगळ्यांच्याच हातावर असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरचे पाहुणे. निरुपद्रवी."

मॉनिकाबायच्या बशीत सोनं होतं.

दहा बोटांचे दहा ठसे, आणि प्रत्येक ठशात गोल, चकचकीत, फुगीर सोनेरी थेंब. काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले. अंगठ्याच्या ठशात तर भेगेची रेघच्या रेघ सोन्याने भरून काढली होती.

"गो बाय," लवू हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या हातार सोनां उगवलां."

कुणी हसलं नाही. मॉनिकाबाय बघत राहिली. तिला वाटलं होतं ते काहीतरी काळं, ओंगळ असेल. एकोणीस वर्षं जे तिने कधी पाहिलं नव्हतं ते शेवटी दिसलं, आणि ते वेदीवरच्या प्याल्यासारखं झळकत होतं. वनमालाच्या मुलाची पाठ ह्यानेच सोलली होती. एवढं सुंदर का असावं ते? तिचे डोळे भरून आले ते दुःखाने की आणखी कशाने, हे तिला सांगता आलं नसतं.

"मीच," ती म्हणाली.

"तूच असं म्हणता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुलांवरून तुझ्या हातावर आलं असेल, तुझ्यावरून पुढच्या मुलावर गेलं असेल. धड कातड्यावर हा जंतू फार दिवस टिकत नाही. भेगेत मात्र घर करतो, आणि औषध वरून वाहून जातं."

"मग रबरी मोजे घालून?"

"तीन जोड आहेत, तिन्ही लवूने सायकलच्या ट्यूबसारखे ठिगळं लावून उकळलेले. टाचणीएवढं भोक पुरतं. आणि आत घामात हे आणखी वाढतं." त्यांनी बशीवर झाकण ठेवलं. "एक महिना. खालून नवा थर वर यायला तेवढा वेळ लागतो. तोवर क्रेसॉल नाही, ब्रश नाही, गरम पाणी नाही, आणि कुठल्याही मुलाला हात नाही."

महिन्याचा हिशेब दोघींनाही कळत होता. क्लॅरिसचे दिवस त्याच्या आतच भरत होते.

लवूने मेंढीच्या लोकरीची चरबी आणि खोबरेल तेल खलून मलम करून दिलं. "लाव आता. वास बदलात तुझो. गावात कोण वळखूचा नाय." मॉनिकाबाय ते दिवसातून चारदा लावायची, वरून क्लॅरिसच्या लग्नातले पांढरे सुती हातमोजे घालायची आणि प्रसूतिगृहात चादरींच्या घड्या करत बसायची. क्लॅरिसला तिने सगळं सांगितलं. पोरगी आधी रडली, मग रुसली, मग म्हणाली, "मी थांबते. बरे होईपर्यंत नाय होणार मी बाळंत." जणू ते तिच्या हातात होतं.

रोज सकाळी मॉनिकाबाय मोजे काढून हात उन्हात धरायची. भेगा मिटत होत्या. कोण मिटवत होतं ते दिसत नव्हतं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं मधे यायचं नव्हतं. सगळा जन्म जोर लावण्यात गेलेल्या बाईला हे अवघड होतं. खाली कुठेतरी, ती घड्या करत असताना, कुणी जन्मत होतं, वर सरकत होतं, मरत होतं आणि आपल्या जागी निजत होतं. ना हाक, ना आवाज.

एकविसाव्या दिवशी हात डोळ्यांना पूर्ण धड दिसले. तिने कोपऱ्यातला मसाला चिमूटभर घेऊन तळव्यावर चोळला. काही झालं नाही. मिरची वरून चालत राहिली. ती धावतच प्रसूतिगृहात गेली. डॉक्टरबाईंनी तिला साबणाने हात धुवायला लावले, पुन्हा बशीत बोटं टेकवायला लावली आणि लवूला परळला धाडलं. "उद्या कळेल. बशी कोरी आली तर पुढच्या आठवड्यात टेबलाशी ये."

त्याच दुपारी क्लॅरिसला कळा सुरू झाल्या. दहा दिवस आधी.

चार वाजता ती टेबलावर होती. डॉक्टरबाई पायथ्याशी, त्यांच्या डाव्या अंगाला मालन. मालन तिशीची, कष्टाळू, जाड बोटांची विधवा. आजवर तिने मुलं झेलली होती ती ह्या तीन आठवड्यांतली, आणि तीही सोपी. मॉनिकाबाय भिंतीला पाठ लावून उभी होती, मोजे घातलेले हात काखेत दाबून.

"आय! आय, तू कुठेस? हात दे ना!"

"हायें गो मी. इथेच हाय."

"मीच घेणार म्हटलं होतंस!"

डॉक्टरबाईंनी मान वळवली. कपाळावर घाम होता. "मॉनिकाबाय, तुझे हात मला तर बरे दिसतायत. तिसरा मोज्यांचा जोड उकळलेला आहे. यायचं तर ये. मी नाही म्हणणार नाही."

रबरी मोजे ट्रेमध्ये पडले होते. डाव्या अंगठ्यावर लवूचं ठिगळ होतं, नीट बसवलेलं. तिला फक्त चार पावलं टाकायची होती. आपले हात धड आहेत असं तिला वाटत होतं. ते तसं मार्चमध्येही वाटत होतं. मिरची एक गोष्ट सांगते, बशी दुसरी सांगते, आणि बशी परळला होती.

"नाय," ती म्हणाली. "मालनचे हात पुरे हायेत." मग मोठ्याने, क्लॅरिसला ऐकू जाईल असं, "क्लॅरिस, मी माझे हात मालनला दिलेत. मी सांगते तसं ती करेल. ऐकतेस ना? मालन, डोकं दिसलं?"

"दिसलं."

"ओढू नको. ते येतंय, तू फक्त वाट दे. तळवा खाली धर. पसर बोटं. अंड्याला धरतेस तसं. आता मानेपाशी बोट फिरव, नाळ हाय?"

"नाही."

"मग खांदा येऊ दे. घाई नको. क्लॅरिस, आता ढकल. आता. मालन, दुसरा हात!"

तिचे स्वतःचे हात काखेत उघडत मिटत होते. मूल आलं. मुलगी. जाड बोटांनी तिला पक्कं झेललं होतं. ती रडली आणि क्लॅरिसही रडली, आणि मालन, जिने आजवर कामाच्या वेळी एका-दोन शब्दांपलीकडे तोंड उघडलं नव्हतं, ती हसत सुटली. "झेललं बाय! झेललं मी!"

मग मालनने शिकवल्याप्रमाणे कोमट तेलाची वाटी आणि फडकं घेतलं. मुलीच्या पाठीवर, मांड्यांच्या सांध्यांत, काखेत लोण्यासारखा पांढरा लेप होता. नऊ महिने पाण्यात राहून आलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर तो कमीजास्त असतो. एकोणीस वर्षं मॉनिकाबाय तो तेल चोळून, बेसन लावून, कढत पाण्याने काढत आली होती. तिला तो मळ वाटायचा. मूल लालबुंद, लख्ख करून आईपाशी द्यायचं, ह्यात तिचा अभिमान होता.

आज तिला हात लावायचा नव्हता, म्हणून ती फक्त बघत होती. तो लेप किती निगुतीने दिला होता. जिथे घडी तिथे जाड, जिथे अंग उघडं तिथे पातळ. चकचकीत, चरबट. पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळत होते, आत जात नव्हते. तिने तीन आठवडे रोज चारदा लवूचं मलम लावलं होतं. असलं मलम लवूच्या खलात कधी झालं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "मालन, पुसू नको."

"अगं पण तूच तर..."

"मीच सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं. ते तिचं हाय. तिच्याबरोबर आलंय. राहू दे."

मालनने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई नाळ बांधत होत्या. त्या थबकल्या, मुलीच्या पाठीवरून एक बोट हलकेच फिरवलं, ते बोट अंगठ्याला चोळून पाहिलं. मग म्हणाल्या, "रक्त तेवढं टिप. बाकी राहू दे. आजपासून सगळ्यांचं राहू दे."

दुसऱ्या दिवशी लवू परळहून बशी घेऊन आला. नऊ ठसे जवळजवळ कोरे होते. डाव्या अंगठ्याच्या ठशात, मध्यावर, एक सोनेरी थेंब होता.

"एकच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मॉनिकाबायने झाकण लावलं. "अजून किती दिवस?"

"पंधरा."

ती खाटेपाशी गेली. क्लॅरिस जागी होती, मूल तिच्या कुशीत. "आय, एकदा तरी घे ना गो. मोजे घालून घे."

"घेईन. पंधरा दिवसांनी पोट भरून घेईन. तू बघ ना, मी बघते तशी बघ."

मुलीच्या पाठीवर आता पांढरं जवळजवळ उरलं नव्हतं. कुणी पुसलं नव्हतं. चादरीलाही लागलं नव्हतं. ते रातोरात कातड्यात मुरलं होतं. फक्त काखेच्या घडीत थोडं शिल्लक होतं. मॉनिकाबाय हात पाठीमागे धरून वाकली आणि तेवढं मुरताना दिसतं का ते बघत राहिली. दिसलं नाही. ती तरीही तिथून हलली नाही.